रॅक गेलाय की लिंक रॉड?

लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही गॅरेजवर जा आणि 'स्टेरिंग वाजलालंय' एवढंच म्हणा. मिस्त्री चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच निकाल देतो: "रॅक गेलाय बगा." मला या वाक्याचा वीट आलाय. आमच्या मामांनी याच वाक्यावर दहा हजारांच्या वर पैसे मोजले. नवा रॅक बसवून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागले आणि पहिल्याच खड्ड्यात गाडी पुन्हा 'खट्' म्हणाली. "आरं, आवाज तर तसाच हाय की," मामा म्हणाले. वाजत होता डाव्या चाकाचा लिंक रॉड. दोन नटांचं काम, अर्धा तास.

रॅक सगळ्यांना माहीत असतो: स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, आणि टाय रॉड चाकं वळवतात. लिंक रॉडचा वळण्याशी काही संबंध नाही. तो वीतभर लांबीचा, दोन्ही टोकांना गोळीचा सांधा असलेला रॉड. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून पुढच्या दोन्ही चाकांमध्ये स्टॅबिलायझर बार टाकलेला असतो, त्याला हा बहुधा शॉकअपशी जोडतो.

मग गोंधळ का होतो? बऱ्याच गाड्यांत रॅक आणि तो बार एकाच फ्रेमवर शेजारी-शेजारी बसवलेले असतात. लिंक रॉड वाजला की आवाज फ्रेममधून डॅशबोर्डखाली येतो, आणि स्टेअरिंग धरलेल्या माणसाला तो हाताखालीच वाजल्यासारखा वाटतो. कान इथे फसतो, म्हणून कानावर जाऊ नका. आवाज कधी येतो ते बघा.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे रस्ता एका बाजूने खचतो. एक चाक खाली आणि दुसरं वर, असं झालं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि लिंक रॉडवर ओढ येते. सांधा झिजला असेल तर तो तिथेच, हळू वेगात, 'खट्-खट्' करतो. गतिरोधकावर मात्र दोन्ही चाकं एकदम उचलली जातात. बार नुसता फिरतो, पिळला जात नाही, आणि लिंक रॉड बहुधा गप्प राहतो. तेव्हा एक गतिरोधक सरळ पार करा, मग त्याच वेगाने एकच चाक खड्ड्यात घाला. सरळ जाताना शांत आणि एका चाकाला आवाज, तर संशय लिंक रॉडवर. दोन्ही वेळा वाजलं तर लोअर आर्मचे (चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश आणि शॉकअपचं माउंटिंग आधी बघा.

आता रॅकची परीक्षा. गाडी उभी ठेवा, इंजिन चालू. स्टेअरिंग दोन-तीन इंच डावी-उजवीकडे झटपट हलवा. धक्का हातात जाणवला आणि 'टक-टक' आली, तर दोष स्टेअरिंगपासून चाकापर्यंतच्या जोडणीत आहे. त्यातही लगेच रॅक नाही. पायाजवळच्या शाफ्टच्या सांध्यावर आणि मग टाय रॉडच्या टोकावर कुणाला तरी हात ठेवायला सांगा. जिथे टक्क जाणवेल तो गुन्हेगार. उभ्या गाडीत काहीच वाजलं नाही आणि फक्त रस्त्यावर वाजतं, तर बाकी सगळं तपासल्याशिवाय रॅकला हात लावू देऊ नका.

लिंक रॉड तपासताना मिस्त्री हमखास एक चूक करतात: एकच चाक जॅकवर उचलतात. त्याने बार पिळला जातो, सांधा ताणला जातो आणि ढिलेपणा लपतो. मग "लिंक रॉड टाईट हाय" असा दाखला मिळतो. दोन्ही चाकं जमिनीवर असताना किंवा दोन्ही सारखी उचलून रॉड हाताने हलवा. टाय रॉडसाठी मात्र चाक उचलून डावी-उजवी बाजू धरून हलवायचं.

बाकीचे आवाज सहज ओळखू येतात. पूर्ण वळवून गाडी चालवताना 'कट-कट-कट' आली तर एक्सलचा जॉइंट. उभ्या गाडीत वळवताना स्प्रिंग 'टंग' करून उडाली तर शॉकअपच्या माउंटिंगचं बेअरिंग, आपल्या धुळीत ते लवकर जातं. इंजिनच्या वेगाबरोबर 'घूंऽ' वाढला तर ऑइलवाल्या पॉवर स्टेअरिंगचा पंप. आधी ऑइलची पातळी आणि फेस बघा. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, त्यात ऑइल नसतंच. तरी 'स्टेरिंग ऑइल बदललं' म्हणून बिलात रक्कम लावणारे महाभाग आहेत.

आणखी दोन गोष्टींना माझा सक्त विरोध. पहिली, रॅकचा ॲडजस्टिंग बोल्ट आवळून आवाज 'बंद' करणं. जास्त आवळला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, हायवेवर ते जिवावर बेतू शकतं. दुसरी, लिंक रॉड बदलल्यावर अलाइनमेंटचे पैसे घेणं. लिंक रॉडने चाकाचा कोन बदलत नाही. टाय रॉड बदलला तर अलाइनमेंट हवीच.

घाई कशाची करायची तेही सांगतो. लिंक रॉड वाजत असला तर पगारापर्यंत थांबलं तरी चालतं. टाय रॉडचा सांधा सैल असेल तर त्याच दिवशी बदला, तो निखळला की चाक तुमचं ऐकत नाही.

काम झाल्यावर जुना लिंक रॉड मागून घ्या. रॉड आडवा धरा आणि सांध्याचा बोल्ट बोटाने वर करून सोडून द्या. तो आपल्या वजनाने लुळा खाली पडला, तर पैसे योग्य जागी गेले.