उतारावरची थंडी

५ जून १९८८ रोजी ‘जिरो दितालिया’ या इटलीतील, अनेक दिवस टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या सायकल शर्यतीचा मार्ग आल्प्समधील गाविया खिंडीतून जात होता. खाली दरीत पाऊस होता आणि सुमारे २,६०० मीटर उंचीवरच्या खिंडीत बर्फ पडत होता. नेदरलँड्सचा योहान व्हान डर वेल्डे आखूड बाह्यांच्या जर्सीतच सर्वांच्या पुढे चढून माथ्यावर पहिला पोहोचला. पण पलीकडच्या उतारावर थंडीने त्याची अशी अवस्था झाली की त्याला वाटेत आसरा घ्यावा लागला आणि बोर्मिओ गावातील अंतिम रेषा त्याने विजेत्यानंतर जवळजवळ पाऊण तासाने ओलांडली. चढावर सर्वांना मागे टाकणारा हा खेळाडू उतारावर का कोलमडला, याचे उत्तर शरीरातील उष्णतेच्या जमाखर्चात आहे, आणि पावसाळ्यात आपल्या घाटांत सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो आणि बाकीची उष्णता बनते. घाट चढताना एखादा कसलेला खेळाडू पॅडलवर ३५० वॅट शक्ती लावत असेल, तर त्याच्या शरीरात त्याच वेळी १,००० वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होत असते. घरातली इस्त्री साधारण तेवढीच असते. म्हणून भर पावसात चढतानाही थंडी जाणवत नाही, उलट घाम येतो. माथा ओलांडून पाय थांबले की ही भट्टी काही मिनिटांत विझत जाते आणि विश्रांत शरीराची सुमारे १०० वॅटची ऊबच काय ती उरते. नेमक्या त्याच वेळी ताशी १५ किलोमीटरचा वेग ५० वर जातो.

त्वचेलगत हवेचा एक पातळ, कोमट थर असतो आणि आपली खरी गोधडी तीच. वारा हा थर सतत उडवून नेतो. तापमान शून्य अंश असताना ताशी ५० किलोमीटरचा वारा कोरड्या, उघड्या त्वचेला उणे ८ अंशांसारखा लागतो, आणि कपडे भिजलेले असले तर नुकसान आणखी वाढते, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट सहजतेने उष्णता वाहून नेते. शिवाय एक ग्रॅम पाणी त्वचेवरून वाफ होऊन जाताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता सोबत नेते. ओल्या जर्सीतले १०० ग्रॅम पाणी अर्ध्या तासात अंगाच्या उबेने वाळले, तर त्यासाठीच सरासरी १३० वॅट लागतात, म्हणजे विश्रांत शरीर निर्माण करते त्याहून अधिक.

ही तूट शरीर आधी हातापायांतून भरून काढते. तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटे बधिर होतात आणि ब्रेकची सर्वाधिक गरज असतानाच तो दाबण्याचे बळ कमी पडते. मग कुडकुडणे सुरू होते. त्यातून विश्रांतीच्या काही पट उष्णता मिळते खरी, पण हँडल थरथरू लागते. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली गेले की विचारशक्ती मंदावते, आणि आपण धोक्यात आहोत हे त्या माणसालाच उमगेनासे होते. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत भयावह वाटते.

त्या दिवशी अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टेनच्या संघाने आधीच उबदार कपडे जमवून ठेवले होते. त्या दिवसाचा टप्पा एरिक ब्रॉइकिंकने जिंकला, पण केवळ सात सेकंदांनी मागे राहिलेल्या हॅम्पस्टेनने एकूण क्रमवारीत आघाडी घेतली आणि पुढे ती शर्यत जिंकणारा तो पहिला अमेरिकी ठरला.

आपल्याकडे बर्फ नसतो, त्यामुळे हा धोका परका वाटतो. परंतु जुलैत पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना हवा २० अंशांच्या आसपास असली, तरी भिजलेले अंग, वारा आणि थांबलेले पाय हे तिन्ही तिथेही एकत्र येतात. म्हणून वाऱ्याला अडवणारे जाकीट माथ्यावर, अंग गरम असतानाच घालावे. कुडकुडायला लागल्यावर जाकिटाची चेन ओढायलाही बोटे वळत नाहीत. जाकीट नसेल, तर जर्सीखाली छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवावी. युरोपातील सायकलपटूंची ही जुनी युक्ती आहे आणि ती उपयोगी पडते, कारण कागद वारा अडवून कोमट हवेचा थर जागेवर ठेवतो.

टपरीवरच्या चहाचेही गणित करून पाहण्यासारखे आहे. १५० ग्रॅम चहा ६० अंशांवरून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे १४ किलोज्यूल उष्णता देतो, म्हणजे विश्रांत शरीराची जेमतेम अडीच मिनिटांची कमाई. त्यात विरघळलेल्या दोन चमचे, अंदाजे १० ग्रॅम साखरेतून मात्र सुमारे १६५ किलोज्यूल ऊर्जा मिळते आणि कुडकुडणाऱ्या स्नायूंना इंधन म्हणून तीच कामी येते. तेव्हा भिजून आलेल्या सायकलस्वाराने त्या दिवशी तरी बिनसाखरेचा चहा मागू नये.