'तीर्थयात्रार्थ'वर अडलेलं बोट

गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रातून एक पत्रक घरात आलं. 'मध्यमेंदू जागृत करा, मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचेल.' त्याच संध्याकाळी मी आणि माझी तिसरीतली लेक 'श्यामची आई' घेऊन बसलो होतो. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३च्या फेब्रुवारीत आमच्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं, तेही अवघ्या चार-पाच दिवसांत.

एक पान मी, एक पान ती, असं आमचं ठरलेलं. 'तीर्थयात्रार्थ पलायन' या प्रकरणाच्या नावावर तिचं बोट अडलं. "ती... थर... तीथ्र..." बोट पुन्हा मागे. मी मध्ये बोलले नाही. त्या बोटाच्या टोकाशी जे चाललं होतं, ते मला फार विलक्षण वाटतं.

वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद टेकतो, की पुढची उडी. उडी चालू असताना जवळजवळ काही दिसत नाही. हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढाच भाग एका वेळी अगदी स्वच्छ दिसतो.

त्यात आपली लिपी! 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते, पण उच्चारायची नंतर. रफाराचं नेमकं उलट. 'र्थ'मध्ये 'र्' आधी बोलायचा, पण तो बसतो 'थ'च्या डोक्यावर. डोळ्याला दिसण्याचा क्रम वेगळा, जिभेवर येण्याचा वेगळा. हे तुकडे क्षणभर धरून ठेवायचे आणि जागा बदलून बोलायचे. 'तीर्थयात्रार्थ'मध्ये हे दोनदा, वर 'त्रा'चं जोडाक्षर. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटते. सरावलेल्या वाचकाच्या मेंदूत डावीकडे, मागच्या बाजूला खाली, ओळखीचे शब्द झटकन टिपणारा एक भाग तयार झालेला असतो. तो जन्मजात नसतो. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, तिच्यासाठी वेगळी जागा उत्क्रांत व्हायला वेळच मिळाला नाही. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलीच थोडी जागा मूल वाचून वाचून अक्षरांसाठी कमावतं.

मध्यमेंदूलाही वाचनात काम आहेच. डोळ्यांच्या या उड्यांवर ताबा ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. पट्टी बांधली की वाचायला उरतं काय? अशा प्रयोगांत मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवलं आहे. पैसे घेऊन लेकरांना फसवाफसवी शिकवतात, याची मला मनापासून चीड येते.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६मध्ये एक सूत्र मांडलं : वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले ऐकून कळणं. बेरीज नव्हे, गुणाकार. शून्य ते एक या मापावर उलगडणं ०.४ आणि ऐकून कळणं ०.९ असेल, तर हाती येतात ०.३६. मी मोठ्याने वाचते, तेव्हा उलगडण्याचा भार माझ्यावर येतो आणि तिच्याकडे ०.९ पोचतात.

दुसरा आकडाही घात करतो. श्याम पत्रावळ लावायला शिकतो त्या प्रकरणाचं 'पत्रावळ' हे नाव तिने न अडखळता वाचलं, पण लग्नात थर्माकोलच्या ताटल्याच पाहिलेल्या. अर्थ शून्य, म्हणून गुणाकारही शून्य. नाशिकच्या रविवार कारंजा चौकातून एक पत्रावळ आणली. तिने पानांत खोचलेली बारीक काडी उपसली, परत खोचायला गेली तर पान फाटलं.

"आई, श्यामचंही असंच फाटायचं का गं?"