डाउन सिंड्रोममधील स्मृतिभ्रंश : जनुके आणि ‘सुरुवात’ या शब्दाचा घोळ

ठाण्यात नौपाड्यातील एका कार्यशाळेत वर्षानुवर्षे कागदी पिशव्या करणारे डाउन सिंड्रोम असलेले एक गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर आधी तळाची घडी घालायची की बाजूची हे विसरू लागले, तेव्हा घरच्यांनी त्याचे खापर मूळच्या बौद्धिक अक्षमतेवर फोडले. अशा व्यक्तींच्या स्मृतिभ्रंशाची दखल बहुधा अशीच उशिरा घेतली जाते.

डाउन सिंड्रोमच्या मुळाशी असलेली एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत १९५९ मध्ये उघड झाली. पण स्मृतिभ्रंशाशी तिचा धागा जुळला तो १९८० च्या दशकात. १९८४ मध्ये डाउन सिंड्रोम आणि अल्झायमर या दोन्हींत मेंदूत साचणारे अमायलॉइड, म्हणजे प्रथिनाचे चिवट तुकडे, एकच असल्याचे दिसले आणि १९८७ मध्ये ते ज्या प्रथिनापासून तुटून निघते, त्याचे एपीपी हे जनुक याच गुणसूत्रावर सापडले. तीन प्रती म्हणजे जन्मापासून जादा अमायलॉइड, या हिशेबाचा ताळा पुढे दोन्ही बाजूंनी मिळाला: १९९८ मध्ये नोंदल्या गेलेल्या, डाउन सिंड्रोम असलेल्या, ७८ वर्षे जगलेल्या एका स्त्रीकडे या गुणसूत्राचा केवळ एक तुकडा जादा होता, त्यात एपीपी नव्हते आणि तिला स्मृतिभ्रंश झाला नाही, उलट २००६ मध्ये डाउन सिंड्रोम नसलेली, केवळ एपीपीची जादा प्रत असलेली आणि तरीही अकाली अल्झायमर झालेली कुटुंबे समोर आली.

खरा घोळ ‘सुरुवात’ या शब्दाचा आहे. मेंदूतील बदल म्हणाल तर ते चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांमध्ये आढळतात, लक्षणे साधारण पन्नाशीच्या आगेमागे दिसतात आणि निदान त्याच्याही नंतर होते. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एपीओई जनुकाचा ई-४ प्रकार ही सुरुवात काही वर्षे अलीकडे आणतो असे सांगितले जाते, परंतु यांपैकी कोणती सुरुवात, हे अभ्यासागणिक बदलते. निदानाचे वय धरणारा अभ्यास जनुकाइतकीच घरच्यांची नजरही मोजत असतो, आणि एवढी साधी गोष्ट तक्त्यांच्या तळटीपेत ढकलली जाते, हे खटकते.

हा प्रश्न आताच ऐरणीवर येण्याचे कारण आयुर्मानात आहे: अमेरिकेत १९८३ मध्ये सुमारे २५ वर्षे असलेले ते आज ६० च्या घरात आहे. तरीही अमायलॉइड हटवणाऱ्या ज्या औषधाला तेथे २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, त्याच्या मुख्य चाचणीत या व्यक्ती नव्हत्या.

नौपाड्यातील त्या कार्यशाळेत रोज किती पिशव्या झाल्या याची वही ठेवतात. घरच्यांनी सांगितलेल्या महिन्याच्या दीड वर्ष आधीपासूनच त्यातील आकडा उतरत गेलेला दिसतो.