शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर

“जहाजाचा नांगर समुद्राचा तळ नांगरतो, म्हणून त्याला नांगर म्हणतात.” ही व्युत्पत्ती इतक्यांदा वाचायला मिळते की लोक ती खरी धरून चालतात. ती चूक आहे, शब्दाच्या बाजूनेही आणि वस्तूच्या बाजूनेही.

शेतातला नांगर सगळ्यांच्या ओळखीचा. फाळ, इसाड, रुमणं, पुढे जू. हा शब्द संस्कृत ‘लांगल’वरून आला. ऋग्वेदात तो आहे, आणि नांगर धारण करणारा म्हणून बलरामाचं एक नाव ‘लांगली’. जहाजाचा नांगर मात्र फारसी ‘लंगर’. हिंदीत शेतात हल आणि जहाजावर लंगर, गुजरातीत हळ आणि लंगर. तिथे घोळ होतच नाही. मराठीत दोन्हीकडे ‘ल’चा ‘न’ झाला आणि दोन शब्द एकाच उच्चारात येऊन बसले. मूळ ‘लंगर’ साखळीच्या अर्थाने आपल्याकडे अजून आहे: खंडोबापुढे तोडतात तो लंगर.

खरी गफलत पुढेच आहे. शेतातला नांगर मातीतून पुढे सरकला पाहिजे. जहाजाचा नांगर मातीत रुतून जागीच राहिला पाहिजे. तो तळ नांगरू लागला, म्हणजे होडी वाहत निघाली.

नांगर केवळ वजनाने होडी धरतो, हाही गैरसमज. छोट्या होडीला धरून ठेवतात ती तळात घुसलेली त्याची पाती, आणि ती घुसतात ओढ जवळजवळ आडवी असेल तरच. ओढ वरच्या दिशेने आली की दांडा उचलला जातो आणि पाती माती सोडतात. म्हणून साखळी किंवा दोर भरपूर सोडायचा. पाणी ६ मीटर खोल, नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, कड पाण्यापासून १ मीटर वर, भरतीने आणखी ३ मीटर चढणार, तर हिशेब १० मीटरचा. नुसती साखळी असेल तर पाचपट, ५० मीटर. साखळी थोडी आणि बाकी सगळा दोर असेल तर सातपट, ७० मीटर. ओहोटीच्या पाण्यावर हिशेब करणाऱ्यांचा नांगर भरतीला सुटतो.

‘टाकणे’ या क्रियापदाला फसून तो भिरकावूही नये. होडी वाऱ्याच्या तोंडावर थांबवायची, नांगर तळाला टेकेपर्यंत हाताच्या ताब्यात ठेवून हळू सोडायचा, मग होडी मागे सरकत जाईल तसतशी साखळी द्यायची. एकदम ओतली तर ती नांगरावरच ढीग करून पात्यांत अडकते. शेवटी इंजिन हळू उलटं चालवून ताण द्यायचा आणि किनाऱ्यावरच्या, एका रेषेत दिसणाऱ्या दोन खुणा आडव्या बाजूला पाहायच्या. खुणांची रेष मोडत राहिली तर नांगर बसलेला नाही. उचलून पुन्हा टाकावा.

फाळाच्या आकाराचा नांगर होड्यांसाठी खरोखर निघाला, तो १९३३ साली, जेफ्री इंग्राम टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने केलेला. पण शब्द त्याच्या कितीतरी आधीचा.

वाक्प्रचारांत क्रियापदावरून ओळख पटते. धरणे, जुंपणे, फिरवणे हे शेतातलं; घरादारावर गाढवाचा नांगर फिरतो तोही तिथलाच. टाकणे आणि उचलणे समुद्रावरचं: कुठेतरी मुक्काम ठोकला की नांगर टाकला, निघालो की उचलला. ‘सोडणे’ मात्र जपून वापरावं. शेतकऱ्याने नांगर सोडला म्हणजे दिवसाचं काम संपवून बैल मोकळे केले. जहाजाने नांगर सोडला म्हणजे तो पाण्यात गेला, जहाज थांबलं. तरी ‘नांगर सोडून जहाज मार्गस्थ झाले’ असं सर्रास छापतात, आणि अर्थ नेमका उलटा होतो. तिथे ‘नांगर उचलून’ हवं.

‘धक्क्याला नांगरलेली बोट’ हेही तसंच चूक. धक्क्याला बोट लावतात, दोरांनी बांधतात. नांगरतात ती धक्क्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात.