जहाजाच्या प्रतिकृतीतली लाकडी पट्टी का वाकते आणि का मोडते

शिडाच्या जुन्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचे संच बाजारात मिळतात. जहाज 1765 मध्ये पाण्यात उतरलेले ‘व्हिक्टरी’ असो किंवा 1869 मधले ‘कटी सार्क’, बांधणीची रीत सहसा एकच असते. आधी कणा, त्यावर आडव्या चौकटी आणि मग त्या चौकटींवर एकेक करून चिकटवायच्या लाकडाच्या बारीक पट्ट्या. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, जहाजाचे अंग झपकन वळते आणि नवख्यांच्या पट्ट्या नेमक्या तिथेच मोडतात. त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे पट्ट्या रात्रभर पाण्यात भिजत ठेवणे. हा समज अर्धवट आहे.

पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधला थर तसाच राहतो. बाहेरच्या पृष्ठावर किती टक्के ताण पडतो, म्हणजे ते लांबीत किती टक्के वाढते, हे काढणे सोपे आहे, कारण पट्टीच्या अर्ध्या जाडीला वळणाच्या त्रिज्येने भागले की तो मिळतो. दीड मिलिमीटर जाडीची पट्टी 40 मिलिमीटर त्रिज्येत वळवली, तर हा ताण जवळपास 1.9 टक्के होतो. कोरडे लाकूड मात्र साधारण 1 टक्का ताणातच तुटते. तीच 5 मिलिमीटर रुंदीची पट्टी सपाट न वाकवता कडेच्या अंगाने तेवढीच वळवू पाहिली, तर ताण सव्वासहा टक्क्यांवर जातो. तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. पट्टी नाळेकडे निमुळती तासून घ्यावी लागते, आणि खऱ्या जहाजांचे सुतारही फळ्यांना असाच आकार देत असत.

आता लाकडाच्या आत पाहू. लाकडाच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे ताठ, लांब तंतू असतात, त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोज असते आणि या सगळ्याला बांधून ठेवणारे लिग्निन असते. पाण्याने हेमिसेल्युलोज मऊ होते, लिग्निन मात्र थंड पाण्याला फारशी दाद देत नाही. कोरड्या लाकडातले लिग्निन मऊ व्हायला 130 अंश सेल्सिअसच्याही पुढचे तापमान लागते, पण लाकूड ओले असेल तर हीच मर्यादा 100 अंशांच्या आत उतरते. म्हणजे पाण्याचे काम उष्णतेची वाट सोपी करण्याचे आहे. तंतूंना एकमेकांवरून किंचित सरकू देणारा बदल घडवते ती उष्णताच. शिवाय लाकडातले पाणी कोरड्या वजनाच्या सुमारे 30 टक्के झाले की पेशीभित्तिका संपृक्त होतात. त्यानंतरचे पाणी पेशींच्या पोकळीत नुसते साठते आणि लवचिकपणात काहीही भर घालत नाही.

उष्णता आणि ओलावा एकत्र आले, तरी एक विषमता उरते, आणि मला या सगळ्यात तीच सर्वांत विलक्षण वाटते. बीच किंवा ओकसारखे चांगले लाकूड वाफवल्यावर 25 ते 30 टक्क्यांपर्यंत दाबले जाऊ शकते, पण ताणले जाते ते जेमतेम 1 ते 2 टक्के. म्हणून वाफवलेले लाकूडही मोडते ते बाहेरच्या बाजूनेच. फर्निचर बनवणारे मायकेल थोनेट यांनी 1859 च्या आपल्या प्रसिद्ध खुर्चीसाठी लाकूड वाकवताना बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट बांधली. त्यामुळे बाहेरचा थर लांबू शकला नाही आणि सगळा बदल आतल्या दाबावर गेला.

जहाजाच्या जाड फळ्या दर इंच जाडीमागे सुमारे एक तास वाफवण्याचा प्रघात होता. उष्णता आत पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एक-दीड मिलिमीटरच्या पट्टीला तापलेल्या धातूवर काही सेकंद पुरतात. काही जण खिडक्या पुसण्याच्या द्रवातल्या अमोनियाला चमत्कारी मानतात, पण लाकूड खरोखर लवचिक करतो तो निर्जल द्रवरूप अमोनिया, जो उणे 33 अंशांनाच उकळतो आणि घरी हाताळणे धोक्याचे आहे. बाटलीतल्या द्रवात बहुतांश पाणीच असते.

रात्रभर भिजवण्याचा खरा तोटा चिकटवल्यानंतर दिसतो. लाकूड ओलाव्याने लांबीत जवळजवळ फुगत नाही, पण रुंदीत फुगते. 5 मिलिमीटरची पट्टी पूर्ण भिजल्यावर सुमारे पाव मिलिमीटरने अधिक रुंद होते, आणि ती ओलीच चिकटवली तर सुकताना तेवढीच आकसून शेजारच्या पट्टीपासून सुटते. म्हणून पट्टी थोडा वेळ भिजवावी, गरम करून हव्या वळणापेक्षा किंचित जास्त वाकवावी आणि चिमटे लावून चौकटींवर पूर्ण सुकू द्यावी. गोंद त्यानंतरच लावावा.