ठसा साखळीत, कागद घरात

१९९५ पासून न्यूयॉर्क टाइम्सच्या हरवलं-सापडलंच्या जाहिरातींत दर आठवड्याला अक्षरं-आकड्यांची एक अगम्य ओळ छापून येऊ लागली. ब्लॉकचेनची, म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या नोंदींच्या साखळीची गोष्ट बिटकॉइन या डिजिटल चलनापासून सांगतात. मला ती या ओळीपासून सांगावीशी वाटते.

स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांनी १९९१ मध्ये एक प्रश्न सोडवला होता. संगणकातल्या दस्तऐवजावर तारखेचा शिक्का असा कसा मारायचा, की मारणाऱ्यालाही ती तारीख मागाहून बदलता येऊ नये? त्यांनी दस्तऐवजाचा ‘हॅश’, म्हणजे गणिती ठसा काढला. आज प्रचलित असलेल्या एसएचए-२५६ पद्धतीत मजकूर चार ओळींचा असो वा चारशे पानांचा, ठसा ६४ चिन्हांचाच. एक स्वल्पविराम हलवला तरी सगळा ठसा बदलतो. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफला, की साखळी तयार. वर्तमानपत्रातली ती ओळ म्हणजे आठवडाभराच्या सगळ्या नोंदींचा मिळून एक ठसा. खाडाखोड लपवायची तर घरोघरचे, ग्रंथालयांतले अंक गोळा करावे लागले असते! बिटकॉइनच्या २००८ च्या निबंधातल्या आठ संदर्भांपैकी तीन या दोघांचे आहेत. वर्तमानपत्राच्या जागी तिथे साखळीच्या प्रती ठेवणारे हजारो संगणक आले.

२०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचं काम झालं. दाखल्यासाठी वणवण करणाऱ्यांच्या दृष्टीने हे मोलाचं आहे, कारण बनावट कागद पडताळणीत लगेच उघडा पडतो.

पण साखळी खाडाखोड पकडते, गुपित राखत नाही. सार्वजनिक साखळीवरचं कुणीही वाचू शकतं आणि लिहिलेलं पुसता येत नाही. म्हणून मूळ कागद बाहेर ठेवून साखळीत फक्त ठसा नोंदवावा. तेवढ्यानेही भागत नाही. उदाहरणार्थ, आधार क्रमांक १२ अंकी. पहिला अंक ० किंवा १ नसतो, शेवटचा पडताळणीचा, आधीच्या अंकांवरूनच ठरणारा. उरतात ८,००० कोटी शक्यता. गेम खेळण्यासाठी घेतलेलं एखादं ताकदवान ग्राफिक्स कार्ड तेवढे ठसे मिनिटभरात काढून, साखळीतल्या ठशाशी ताडून तुमचा क्रमांक ओळखू शकतं.

यावर उपाय साधा आहे. ठसा काढण्यापूर्वी माहितीत एक लांबलचक, यदृच्छया निवडलेली गुप्त संख्या मिसळायची. तिला ‘सॉल्ट’ म्हणतात. कुणाला आपली माहिती काढून टाकायची असेल, तर मूळ कागदासोबत ही संख्याही नष्ट करायची. साखळीत ठसा राहतो, पण तो कुणाचा हे शोधायला कुठलंही ग्राफिक्स कार्ड पुरत नाही.