टाकाऊ खाद्यतेलासाठी डिझेल ट्रकचे रूपांतर

तळणासाठी वापरून झालेले वनस्पती तेल गाळून व निर्जल करून, त्यावर कोणतीही रासायनिक प्रक्रिया न करता ते थेट जाळता यावे, यासाठी डिझेल ट्रकच्या इंधनव्यवस्थेत केलेला फेरबदल. बायोडिझेलपासून ही पद्धत वेगळी काढावी लागते. बायोडिझेल करताना मेथॅनॉल व अल्कली यांच्या साहाय्याने तेलाची एस्टरे (डिझेलसारखी पातळ संयुगे) बनवतात, म्हणजे तेल इंजिनाजोगे करतात. येथे तेल तसेच राहते आणि गाडी तेलाजोगी होते. वृत्तपत्रांतून दोहोंची सर्रास सरमिसळ होते, त्यामुळे जुनी वृत्ते वाचताना नेमके काय जाळले गेले याची खात्री करून घ्यावी. ही पद्धत मुख्यतः अमेरिका, जर्मनी व ब्रिटन येथे १९९० नंतरच्या दोन दशकांत हौशी व लहान व्यावसायिकांत पसरली. अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे बहुधा पिकअप. आपल्याकडील दहाचाकी मालमोटार त्या वर्णनात क्वचितच अभिप्रेत असते.

उगम : या विषयावरील बहुतेक लेखनाची सुरुवात रूडॉल्फ डिझेल (१८५८–१९१३) यांनी आपले इंजिन शेंगदाणा तेलासाठीच बनवले होते, या विधानाने होते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. डिझेल यांच्या मूळ एकस्वात (पेटंटमध्ये) कोळशाच्या भुकटीसह निरनिराळ्या इंधनांचा विचार आहे. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील पहिल्या नमुना इंजिनाची चाचणी १० ऑगस्ट १८९३ रोजी झाली, ती पेट्रोलवर. त्या दिवशी सिलिंडरात स्फोट झाला, दाबमापक उडाला, पण इंजिन स्वतःच्या बळावर फिरले नाही. ते पहिल्यांदा फिरले १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, सुमारे एक मिनिट. व्यवहारोपयोगी इंजिन १८९७ मध्ये सिद्ध झाले आणि तेही खनिज तेलावर चालणारे होते. जागतिक जैवइंधन दिन १० ऑगस्टला पाळतात. त्या निमित्ताने १८९३ मध्ये याच दिवशी इंजिन शेंगदाणा तेलावर चालल्याचे आपल्याकडे दरवर्षी छापून येते. त्यात दोन स्वतंत्र घटना एकत्र झालेल्या दिसतात.

दुसरी घटना पॅरिसच्या १९०० मधील जागतिक प्रदर्शनातील आहे. तिच्याविषयीचा सर्वांत विश्वसनीय आधार म्हणजे डिझेल यांनीच १९१२ मध्ये लंडनच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे केलेले निवेदन. त्यानुसार ‘ऑटो’ नावाच्या इंजिन कंपनीने मांडलेले एक लहान डिझेल इंजिन फ्रेंच सरकारच्या विनंतीवरून शेंगदाणा तेलावर चालवण्यात आले. इंजिन मुळात खनिज तेलासाठी बनवलेले होते, त्यात काहीही बदल केला नव्हता, आणि ते इतके सुरळीत चालले की फारच थोड्यांना हा प्रकार कळला. फ्रेंच सरकारचा हेतू आफ्रिकेतील वसाहतींत मुबलक पिकणाऱ्या भुईमुगापासून तेथेच शक्तिनिर्मिती करता येते का, हे पाहण्याचा होता. म्हणजे कल्पनेचे श्रेय डिझेल स्वतःकडे घेत नाहीत. त्यांनी नंतर स्वतः चाचण्या करून निष्कर्षाला दुजोरा दिला आणि वनस्पती तेलांना पुढेमागे महत्त्व येऊ शकेल, असे सावध भाकीत केले. आज फिरणारे त्या भाकिताचे अवतरण बरेच फुगवलेले आहे. डिझेल हे शेतकऱ्याच्या इंधनस्वातंत्र्याचे द्रष्टे होते, हे मत त्यामुळे टिकणे अवघड वाटते. त्यांचा भर कोणतेही इंधन चालू शकणाऱ्या कार्यक्षम इंजिनावर होता, हे मत अधिक ग्राह्य आहे.

पुढील काळात वनस्पती तेलांकडे लक्ष गेले ते प्रामुख्याने खनिज तेलाच्या टंचाईत. ब्रुसेल्स विद्यापीठातील जी. शावान यांनी १९३७ मध्ये पाम तेलाच्या एथिल एस्टरांच्या इंधनवापराचे बेल्जियन एकस्व घेतले; १९३८ मध्ये ब्रुसेल्स–लूव्हाँ मार्गावर त्यावर बस चालवून पाहिली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास भारतातही अनेक देशी तेलांच्या चाचण्या झाल्या. १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनंतर दक्षिण आफ्रिकेत सूर्यफूल तेलावर ट्रॅक्टर चालवले गेले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकेतील फार्गो येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. या काळातील निष्कर्ष थोड्याफार फरकाने एकच येतो : थोडे तास इंजिन उत्तम चालते, काही शे तासांनंतर ते आतून चिकटू लागते. जर्मन अभियंते लुटव्हिख एल्सबेट (१९१३–२००३) यांनी यावर वनस्पती तेलासाठीच वेगळे इंजिन घडवण्याचा मार्ग धरला. त्यांच्या नावाची एकटाकी (डिझेलची वेगळी टाकी नसलेली) रूपांतर पद्धती त्याच परंपरेतील आहे. हॉटेलांतील टाकाऊ तेल ट्रकमध्ये घालण्याची चाल मात्र प्रयोगशाळांतून न येता गॅरेजमधून आली. त्यामुळे तिचा प्रारंभ अमुक वर्षी झाला असे सांगता येत नाही. अमेरिकेत ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली असावी.

तांत्रिक अडचण : सगळे कोडे श्यानतेचे (दाटपणाचे) आहे. ४० अंश से. तापमानाला डिझेलची श्यानता साधारण २ ते ४.५ मिमी.²/सेकंद असते, तर रेपसीड तेलाची ३५ च्या आसपास. इतके दाट तेल इंजेक्टरच्या नोझलमधून बारीक तुषारांत फुटत नाही. थेंब मोठे राहतात, सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोचतात व अर्धवट जळतात. मग नोझलच्या टोकाला कोळसा धरतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात आणि न जळलेले तेल रिंगांवरून खाली ऑइल-संपमध्ये (वंगणाच्या तळटाकीत) झिरपते. तेथे त्याचे बहुवारिकीकरण (रेणू जुळून लांब साखळ्या बनणे) होऊन वंगणाचा गोळा बनू शकतो. रूपांतरित गाड्यांची इंजिने कायमची बंद पडण्याचे हे एक नेहमीचे कारण. तेल ८०–९० अंशांपर्यंत तापवले, तर श्यानता १० च्या जवळपास येते. डिझेलशी बरोबरी तरीही होत नाही, पण काम भागते. तेलातील ऊर्जा किलोग्रॅममागे डिझेलपेक्षा बरीच कमी भरते; मात्र घनता जास्त (सु. ०.९२) असल्याने लिटरमागे फरक थोडाच उरतो.

रूढ पद्धत दोन टाक्यांची आहे. मूळ टाकीत डिझेल राहते. दुसरी टाकी तेलाची. तीतून इंजिनाचे गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) वेटोळ्याने फिरवतात. तेलाची नळी कूलंटच्या नळीला बिलगून नेतात, फिल्टरही तापवतात आणि पंपाच्या अलीकडे चपटा उष्णता-विनिमयक बसवतात. ट्रक डिझेलवर सुरू करायचा, कूलंट साधारण ७० अंशांवर गेले की चालकाने बटण दाबून तेलावर घ्यायचा, आणि थांबण्याआधी पुन्हा डिझेलवर आणून पंप व नोझल धुऊन काढायचे. हे शेवटचे विसरले, तर सकाळी थंड पंपात घट्ट तेल भरलेले सापडते. अदलाबदलीसाठी सहा तोंडांची सॉलेनॉइड (विद्युतचुंबकी) झडप वापरतात, कारण पुरवठ्याबरोबर परतीची नळीही बदलावी लागते. परतीचे तेल डिझेलच्या टाकीत गेले, तर दोन टाक्यांचा अर्थच उरत नाही. तांब्याच्या नळ्या टाळाव्यात. तांबे तेलाच्या ऑक्सिडीकरणाला उत्प्रेरक ठरते. जस्ताचा मुलामा दिलेली टाकीही आम्लयुक्त तेलाला चालत नाही. एकटाकी पद्धतीत नोझल, ग्लो-प्लग (थंड सिलिंडर तापवणारी कांडी) व इंधन सोडण्याची वेळ बदलून थंड इंजिनही तेलावरच सुरू करतात. ती ताज्या, प्रमाणित तेलासाठी बरी.

इंजिनांची निवड येथे निर्णायक ठरते. इनलाइन पंपाची (प्रत्येक सिलिंडरासाठी ओळीत वेगळा दट्ट्या असलेल्या) जुनी, पूर्वकक्षात (सिलिंडराजवळच्या लहान कोठडीत) इंधन सोडणारी इंजिने तेल सर्वांत चांगले पचवतात. अमेरिकी पिकअपपैकी फोर्डमध्ये बसणारी इंटरनॅशनल कंपनीची ६.९ व ७.३ लिटरची पूर्वकक्ष इंजिने आणि डॉजमधील ५.९ लिटरचे कमिन्स कंपनीचे इंजिन यांना हौशींची पसंती असे. पैकी पहिल्यांचा रोटरी पंप हा कच्चा दुवा, कारण त्याचे वंगण इंधनावरच अवलंबून असते. कॉमन-रेल (सर्व नोझलांना एकाच उच्चदाब नळीतून इंधन देणाऱ्या) इंजिनांत दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो आणि काजळी-फिल्टर जाळून साफ करण्यासाठी उशिरा इंधन सोडले जाते. डिझेलची वाफ होते, तेलाची होत नाही व ते थेट वंगणात उतरते. त्यामुळे नव्या ट्रकवर हा प्रयोग करू नये, असेच म्हणावे लागते.

तेल : वारंवार तळल्याने पदार्थातील पाण्यामुळे तेलाचे जलविच्छेदन होऊन मुक्त वसाम्ले वाढतात, शिवाय बहुवारिके तयार होतात. तेल काही दिवस निवळू देऊन वरचे घ्यायचे, तापवून पाणी घालवायचे व क्रमाने बारीक जाळ्यांतून काही मायक्रॉनपर्यंत गाळायचे, किंवा अपकेंद्रित्रातून काढायचे. पाण्याची साधी परीक्षा तव्याची : तापलेल्या तव्यावर थेंब टाकला आणि तडतडला, की पाणी आहे. जवसासारखी उच्च आयोडीन मूल्याची (म्हणजे असंतृप्त), हवेत वाळून घट्ट होणारी तेले सर्वांत धोक्याची; पाम तेल त्या बाबतीत बरे, पण थंडीत थिजते. जर्मनीतील डीआयएन ५१६०५ हे मानक ताज्या रेपसीड तेलापुरते असून श्यानतेची कमाल मर्यादा ३६ ठेवते. टाकाऊ तेलाला ते लागू पडत नाही. प्रत्येक पिंपाची प्रत वेगळी.

कायदा : ब्रिटनमध्ये २००२ साली वेल्समधील लानेल्ली भागात कर चुकवून खाद्यतेलावर गाड्या चालवणाऱ्यांची पोलिसांनी धरपकड केली, वृत्तपत्रांनी पथकाला ‘फ्राइंग स्क्वॉड’ (‘फ्लाइंग स्क्वॉड’वरून, म्हणजे तळणपथक) म्हटले. २००७ पासून वर्षाला २,५०० लिटरपर्यंतच्या जैवइंधनाला तेथे करमाफी मिळाली. अमेरिकेत कच्चे वनस्पती तेल वाहन-इंधन म्हणून नोंदलेले नाही आणि प्रमाणपत्राविना केलेले रूपांतर स्वच्छ हवा कायद्याखाली प्रदूषण-नियंत्रणातील छेडछाड ठरू शकते.

भारतात मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार इंजिन वेगळ्या इंधनावर चालवण्यासाठी संच बसवायचा, तर विहित अटी पाळाव्या लागतात. तेलाचा ओघ मात्र दुसरीकडे वळवलेला आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एकूण ध्रुवीय संयुगांची (तळून तेल किती बिघडले याच्या खुणेची) मर्यादा २५ टक्के ठरवली, २०१८ मध्ये ‘रुको’ हा संकलन उपक्रम आणला आणि दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून नोंदी ठेवणे बंधनकारक केले. त्याच वर्षी १० ऑगस्टला सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा तेलापासूनच्या बायोडिझेलच्या खरेदीची घोषणा केली. थेट तेल जाळण्याचे भारतीय प्रयोग रस्त्यापेक्षा स्थिर इंजिनांवर अधिक झाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडिपी श्रीनिवास यांनी २००० च्या सुमारास करंजाच्या तेलावर जनित्रे चालवली. राजकोटमध्ये बनणारी मिनिटाला ६५० फेऱ्यांची ब्रिटिश लिस्टर इंजिनाच्या धर्तीची संथ इंजिने तर परदेशी हौशींनी याच कामासाठी मागवली. आपल्याकडे ती विहिरीवरचे ‘इंजिन’ म्हणून ओळखीची आहेत.